गिऱ्हाईकं पाच, वही एक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आता पुष्कळ घरांत एक तरी माणूस असा असतो, की जो नोकरीला जात नाही, पण दिवसभर कामात असतो. कुणी चित्रं काढून देतं, कुणी हिशेब लिहितं, कुणी संकेतस्थळं बांधतं, कुणी माझ्यासारखं भाषांतर करतं. या प्रकाराला फ्रीलान्सिंग म्हणतात. शेजारच्या काकूंच्या शब्दांत सांगायचं, तर 'ती घरीच असते, कॉम्प्युटरवर काहीतरी करते.' या 'काहीतरी'मधली एक अडचण आज मी सांगणार आहे. काम मिळत नाही, ही अडचण सगळ्यांना कळते. काम मिळतं, पण ते पाच वेगवेगळ्या दारांनी घरात येतं, ही अडचण बाहेरून दिसत नाही.

नोकरीत कचेरीची एक पद्धत असते. ती पटो न पटो, सगळे तिच्याप्रमाणे चालतात. स्वतंत्र काम करणाऱ्याच्या वाट्याला मात्र प्रत्येक गिऱ्हाईकाची वेगळी पद्धत येते. माझंच उदाहरण घ्या. एक गिऱ्हाईक सगळं ईमेलवर कळवतं. दुसऱ्याला लिहायचा कंटाळा, ते व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतं. तिसऱ्याचा ट्रेलोचा फळा आहे, त्यावर प्रत्येक कामाची चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकत जाते. चौथं गूगल डॉक्समध्ये मजकूर ठेवून समासात सूचना लिहितं. पाचवी एक भाषांतर कंपनी आहे. ती म्हणते, आमच्या मेमोक्यूमध्येच काम करा, बाहेर काही करू नका. आणि हे सगळं पार पडलं, की छापखान्याकडून निरोप येतो, 'आम्हाला युनिकोड चालत नाही, श्रीलिपीत द्या.'

सुरुवातीला मी चिडायची. सगळ्यांनी एकच साधन वापरलं तर काय बिघडेल, असं वाटायचं. एकदोघांना मी तसं सुचवूनही पाहिलं. हळूहळू लक्षात आलं, की ते साधन म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर आहे. डबे कुठे ठेवायचे हे त्यांनी त्यांच्या सोयीनं ठरवलंय. त्यांची दहा माणसं तिथे रोज वावरतात, मी महिन्यातून चार दिवस जाणार. पाहुण्यानं डबे हलवू नयेत. तेव्हा साधनं वेगवेगळी असणारच, हे धरून चालावं लागतं.

पण नुसतं धरून चालणंही पुरत नाही. ते मला ज्या प्रसंगानं शिकवलं, तो सांगते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची आरोग्य-पुस्तिका मी मराठीत करून देत होते. त्यात लहान मुलांच्या जुलाबांवर एक पान होतं आणि जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, कशी तयार करायची ते त्यात होतं. तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे ओआरएसची पाकिटं दोन आकारांत मिळतात. छोटं पाकीट २०० मिली पाण्यासाठी असतं आणि मोठं, साधारण साडेवीस ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी. संस्था आधी छोटी पाकिटं वाटणार होती. म्हणून मजकुरात होतं, 'एक पाकीट २०० मिली पाण्यात विरघळवा.' तो मजकूर गूगल डॉक्समध्ये पक्का झाला, श्रीलिपीत बदलून पानं लावणाऱ्याकडे गेला.

पाच दिवसांनी संस्थेनं मोठी पाकिटं घ्यायचं ठरवलं. त्यांच्या डॉक्टरांनी गूगल डॉक्समध्ये त्या ओळीशेजारी सूचना लिहिली, 'आता १ लिटर करा.' समन्वय पाहणाऱ्या बाईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, 'डॉक्टरांनी एक-दोन बारीक दुरुस्त्या टाकल्यात, बघून घ्या.' मी पाहिलं, दुरुस्ती केली, सूचनेवर 'झालं' अशी खूण केली. खूण केली की ती सूचना समासातून दिसेनाशी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'केलं' असं उत्तरही दिलं. सगळ्यांचं समाधान झालं.

पण पानं लागली होती ती जुन्या मजकुरावरून. नवी दुरुस्ती पानं लावणाऱ्याला कुणी सांगायची? बाईंना वाटलं, मी सांगितली असेल. मला वाटलं, त्या सांगतील. छपाईच्या आदल्या संध्याकाळी पानं लावणाऱ्याचा फोन आला. 'ताई, एक विचारू का? चित्रातल्या पाकिटावर एक लिटर लिहिलंय आणि खाली मजकुरात २०० मिली आहे. कुठलं खरं धरायचं?'

माझ्या हातापायातलं बळच गेलं. एक लिटरचं पाकीट २०० मिली पाण्यात टाकलं, तर ते पाणी पाचपट खारट होतं. जुलाबानं आधीच सुकलेल्या बाळाला ते पाजलं, तर रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढून झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. औषधाचं विष झालं असतं, आणि तेही माझ्या मराठीत.

त्या माणसानं चित्र नीट पाहिलं म्हणून आम्ही वाचलो. पण नंतर मी शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की यात कुणीच कामचुकारपणा केला नव्हता. एकही साधन बिघडलं नव्हतं. गूगल डॉक्स, व्हॉट्सअ‍ॅप आणि पानं लावायचं सॉफ्टवेअर, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. चूक झाली ती दोन साधनांच्या मधल्या जागेत. ती जागा कुठल्याच साधनात नसते. तिची राखण कुणी करायची? गिऱ्हाईकाला तर ती जागा दिसतही नाही. पाचही दारं ज्याच्या घरात उघडतात, त्यालाच ती दिसते. म्हणजे मलाच.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. यात हुशारीचं काही नाही. आपल्या जुन्या दुकानदारांचंच शहाणपण आहे. दुकानात पैसा कसाही येवो, रोख, हुंडी, उधारी किंवा मालाच्या बदल्यात माल, संध्याकाळी सगळं एका रोजकीर्दीत उतरायचं. मग त्यावरून खतावणी. पावती कुठल्या रंगाच्या कागदावर आहे, यावरून वही बदलत नसे.

माझीही तशी एक वही आहे. संगणकावरचा साधा तक्ता आहे, पण कागदाची वही असती तरी चाललं असतं. त्यात प्रत्येक सूचनेला एक ओळ. गिऱ्हाईक कोण, सूचना काय, ती कुठून आली, कुठल्या तारखेला आली, ती कुठे कुठे पोचायला हवी, कुठे पोचली आणि गिऱ्हाईकाचा होकार कधी आला. यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे 'कुठे कुठे पोचायला हवी'. त्या पुस्तिकेच्या वेळी हा रकाना असता, तर त्यात मी लिहिलं असतं, 'गूगल डॉक्स, श्रीलिपीतली फाइल, लावलेलं पान'. तिन्हींपुढे खूण झाल्याशिवाय 'केलं' हा शब्द माझ्या बोटांतून उमटला नसता.

वहीत मी गिऱ्हाईकाचा मजकूर उतरवत नाही, फक्त तो कुठे आहे याची खूण ठेवते. कारण काही गिऱ्हाईकांशी गुप्ततेचा करार असतो, त्यांचे कागद त्यांच्या साधनाबाहेर नेता येत नाहीत. वहीला त्याची गरजही नाही.

दुसरी गोष्ट, काम घेतानाच तीन प्रश्न विचारायचे. सूचना कुठे येतील? शेवटचा, खरा मजकूर कुठे असेल? आणि 'झालं' असं कोण म्हणेल, कुठे म्हणेल? हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. उत्तरं मी ईमेलनं लिहून पाठवते आणि 'हे बरोबर आहे ना' असं विचारते.

तिसरा प्रश्न सगळ्यांना उगाच वाटतो, पण घोटाळे तिथेच होतात. फळ्यावरच्या शेवटच्या रकान्याचं नाव बहुधा 'डन' असतं. एका गिऱ्हाईकाकडे त्याचा अर्थ 'भाषांतर झालं' असा असतो. दुसऱ्याकडे 'तपासून झालं'. तिसऱ्याकडे 'वरच्या साहेबांनी मान्य केलं'. मी आपली चिठ्ठी 'डन'मध्ये सरकवून निश्चिंत, आणि तिकडे ते समजतात की तपासलेला मजकूर आला.

तारखांचंही तसंच. ३/४ असं लिहिलेलं आपल्याला ३ एप्रिल वाटतं, अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाला ४ मार्च. म्हणून महिना मी नेहमी अक्षरांत लिहिते. 'शुक्रवारी संध्याकाळी पाच' हेही तितकंच फसवं. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचे पाच वाजतात, तेव्हा आपल्याकडे शनिवारचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. आणि हे उन्हाळ्यात. आपलं घड्याळ वर्षभर तसंच राहतं, पण त्यांचं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासभर सरकतं. मग त्याच पाचचे आपल्याकडे साडेतीन होतात. लंडनचं घड्याळही सरकतं, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे अमेरिकेच्या दिवशी नव्हे. वहीत म्हणूनच मुदत एकाच घड्याळाची, आपली.

तिसरी गोष्ट, साधनाचा स्वभाव ओळखायचा. बोलण्याची साधनं आणि ठेवण्याची साधनं यांत फरक असतो. व्हॉट्सअ‍ॅप हे बोलण्याचं साधन आहे. तिथला संदेश पाठवणारा काढून टाकू शकतो, आणि २०२३ पासून पाठवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत बदलूही शकतो. स्लॅकचंही तसंच आहे. सप्टेंबर २०२२ पासून फुकट योजनेत फक्त शेवटच्या ९० दिवसांचे संदेश दिसतील असं त्यांनी केलं, आणि २०२४ पासून वर्षापेक्षा जुने संदेश पुसायलाही सुरुवात केली. मागच्या दिवाळीत काय ठरलं होतं ते या दिवाळीत तिथे शोधायला जाल, तर हाती काही लागणार नाही. म्हणून बोलण्यात जे ठरतं, ते मी त्याच दिवशी ठेवण्याच्या जागी नेते. फोनवर बोलणं झालं, की दोन ओळींचा ईमेल, 'आज असं ठरलं.' पुष्कळदा उलट उत्तर येतं, 'नाही हो, मी असं म्हटलं नव्हतं.' ते उत्तर आलं, की मला बरं वाटतं. गैरसमज छापून येण्याआधी सापडला.

चौथी गोष्ट आपल्या मराठीची खास आहे. जुने फॉन्ट आणि युनिकोड यांत मूळचाच फरक आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सगळ्या जगात एकच क्रमांक असतो. देवनागरीला १९९१ साली, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच, जागा मिळाली. जुन्या फॉन्टांत मात्र अक्षराच्या आकाराचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धी अक्षरं, रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना मजकूर खऱ्या अर्थानं पुन्हा लिहिला जातो. त्यात रफार सरकतो आणि 'ऱ्य'चा 'र्य' होतो. 'आचाऱ्यांना जेवणाची तयारी करायला सांगा' असं लिहावं आणि छापून यावं 'आचार्यांना'! हे हसण्यावारी नेता येतं. पण आकडे बदलले, तर तेही हसण्यावारी नेता येईल का? म्हणून मजकूर एका साधनातून दुसऱ्यात गेला, की मी तीन गोष्टी डोळ्यांनी पुन्हा पाहते. आकडे, नावं आणि जोडाक्षरं. आणि दुरुस्ती आली, तर ती आधी मूळ युनिकोडच्या मजकुरात करते, मग पुढे पाठवते. परस्पर पानात दुरुस्ती केली, तर मूळ मागे राहतं आणि पुढच्या आवृत्तीत जुनी चूक परत उगवते.

फाइलच्या नावाबद्दलही एक सांगते. 'फायनल', 'फायनल नवी', 'एकदम फायनल', 'हीच घ्या' अशा नावांच्या फाइली तुमच्याही संगणकात असतील. त्याऐवजी नावाच्या सुरुवातीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. फाइली आपोआप क्रमानं लागतात आणि शेवटची कुठली हे विचारावं लागत नाही.

पाचवी गोष्ट वेळेची. पाच साधनं म्हणजे दिवसभर पाच घंटा. प्रत्येक घंटेला उठलं, तर भाषांतर व्हायचं नाही. मी दिवसातून तीन फेऱ्या मारते. सकाळी काम सुरू करताना, दुपारी जेवण झाल्यावर आणि संध्याकाळी काम संपवताना. प्रत्येक फेरीत पाचही दारं उघडायची, आलेलं वहीत उतरवायचं आणि दारं लावायची. गिऱ्हाईकांना आधीच सांगून ठेवलंय, अगदी तातडीचं असेल तर फोन करा. गंमत म्हणजे, फोन करायचा म्हटला, की पुष्कळ तातडीची कामं आपोआप थांबतात.

आता पैशांचं बोलू. या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे आपला पोटापाण्याचा ऐवज. एखाद्या गिऱ्हाईकाचं साधन शिकण्यातच माझा दिवस जाणार असेल, तर तो मी दरात धरते आणि तसं आधी सांगते. भाषांतराचे पैसे शब्दांवर ठरतात, पण शब्द मोजतानाही दोन सॉफ्टवेअरचे आकडे जुळत नाहीत. तेव्हा कुणाची मोजणी प्रमाण मानायची, हेही आधीच लिहून घ्यावं.

शिवाय वहीचा इथे आणखी एक उपयोग आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, आपली उद्यम नोंदणी असेल, तर गिऱ्हाईकानं लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायला हवेत आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काहीच ठरलं नसेल, तर १५ दिवस. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात, आणि काम पोचल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाईकानं लेखी हरकत घेतली नाही, तर काम पोचलं तोच दिवस धरतात. मग प्रश्न येतो, काम पोचलं कधी? चिठ्ठी सरकवली तेव्हा, की फाइल पाठवली तेव्हा? वहीत तारीख असेल आणि पाठवल्याचा ईमेल असेल, तर भांडावं लागत नाही. म्हणून काम कुठल्याही साधनातून दिलं, तरी 'आज अमुक काम पूर्ण करून दिलं' असा ईमेल मी करतेच.

शेवटची गोष्ट, निघताना आपलं सामान घेऊन निघावं. काम संपलं, की गिऱ्हाईक आपल्याला त्यांच्या साधनातून काढून टाकतं, ते योग्यच आहे. पण त्याबरोबर आपल्या केलेल्या कामाचा पुरावाही जातो. म्हणून करारात बसत असेल तेवढं, शेवटचा मजकूर, मान्यतेचा संदेश आणि हिशेब, मी दार बंद होण्याआधी उतरवून घेते. बसत नसेल, तर निदान मान्यतेचा ईमेल मागून घेते.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सगळं एकत्र आणणारं एखादं सॉफ्टवेअर घ्यावं. तशी आहेत आणि काहींना ती उपयोगीही पडतात. मीही दोन वापरून पाहिली. पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की पाच दारांना मी सहावं दार जोडलंय. सॉफ्टवेअर निरोप एका जागी आणून देतं. तो निरोप पुढे कुणाकडे पोचायला हवा, हे ओळखणं मात्र माणसाचंच काम राहतं.

ती पुस्तिका शेवटी नीट छापली गेली. माझ्याकडे तिची एक प्रत आहे. त्या पानावर लिहिलंय, 'एक पाकीट १ लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा.' वाचणाऱ्या आईला ती साधी ओळ वाटेल आणि तशीच वाटायला हवी. पानं लावणाऱ्या त्या दादांचा मात्र मला अजूनही दर दिवाळीला फोन जातो. ते दर वेळी म्हणतात, 'ताई, मी फक्त विचारलं हो.' मी आता दुसऱ्यांच्या विचारण्यावर अवलंबून राहत नाही. रोज संध्याकाळी वही उघडते आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःलाच विचारते, हे जिथे पोचायला हवं तिथे पोचलं का?